लाईट गेली तरी चालू राहिलेला माग: भयपटाचा पहिला प्रसंग कसा बांधायचा

भयपटाच्या पहिल्या प्रसंगात बघणाऱ्याला काहीतरी कळू द्यायचं असतं, आणि मग त्याला थांबवून ठेवायचं असतं. घाबरवणं त्यानंतर. बेळगावकडच्या वडगाव, अनगोळ, खानापूर भागातली पोरं-पोरी त्यांच्या शॉर्ट फिल्म माझ्याकडं एडिटिंगला घेऊन येतात. दिवसा मी लग्न-बारशाचे व्हिडिओ करते, रात्री हे काम जीव लावून करते. त्यातल्या बऱ्याच फिल्म एकाच पद्धतीनं सुरू होतात. अमावस्या, स्मशान, धूर, पांढरी साडी. वीज कडाडते, बाई वळते, किंचाळी. सगळं मिळून अर्धं मिनिट. बघणारा दचकतो हे खरं, पण दचकणं ओसरलं की पुढं बघायला त्याच्याकडं कारण उरत नाही. दाखवायचं ते सगळं दाखवून झालेलं असतं.

आल्फ्रेड हिचकॉकनं फ्रान्स्वा त्रुफोला दिलेल्या मुलाखतीत हा फरक फार स्वच्छ सांगितलाय. दोन माणसं टेबलाशी गप्पा मारत बसलीत आणि अचानक टेबलाखालचा बॉम्ब फुटतो. प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का बसतो. आता तोच बॉम्ब ठेवताना आधी दाखवा. एक वाजता फुटणार हे कळू द्या, आणि भिंतीवरच्या घड्याळात पाऊण वाजलेला दिसू द्या. गप्पा त्याच, माणसं तीच, पण आता पंधरा मिनिटं प्रेक्षक खुर्चीच्या टोकावर बसणार. त्याला वाटणार, अरे गप्पा काय मारताय, खाली बघा!

भयपटात यात मी एकच बदल करते. बॉम्ब आहे हे कळू द्यायचं, तो दिसतो कसा हे मात्र कळू द्यायचं नाही.

हे कसं करायचं ते एकाच उदाहरणावर दाखवते. जागा मी माझ्या ओळखीची घेतलीय, वडगावातलं, विजेवर चालणाऱ्या मागाचं घर. तुमच्याकडं माग नसेल तर निपाणीकडची तंबाखूची वखार घ्या, खानापूरची कौलांची भट्टी घ्या. पण जिथं रोज काय घडतं हे तुम्हाला झोपेतही सांगता येईल अशीच जागा घ्या.

आधी रोजचं

वडगाव-शहापुरातली मागाची जुनी घरं लांबट आणि अरुंद असतात, भिंतीला भिंत लागून. पुढं सोपा म्हणजे बाहेरची खोली, मग मागाची खोली, मागं परडं म्हणजे परसदार. एका घरातला माग दुसऱ्या घरात ऐकू येतो. गल्लीत शिरलं की दोन्ही बाजूंनी खटखट, आणि इथं वाढलेल्या माणसाला ती ऐकूही येत नाही इतकी सवयीची.

तर रात्रीचे नऊ. सुनंदा एकटी माग चालवतेय. नवरा साड्या पोचवायला गेलाय. आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडं जातोय, ती त्यातली संपलेली सुताची कांडी काढून दुसरी घालतेय, तुटलेला धागा बोटांनी जोडतेय. हे सगळं नीट दाखवा. धागा जोडणारी बोटं अगदी जवळून दाखवा, कारण पुढं याच बोटांवर आपलं काम आहे.

पोरं इथं घाई करतात. त्यांना वाटतं, यात काहीच घडत नाही, लोक पुढं ढकलतील. पण भयपट बघायला बसलेला माणूस आधीपासूनच काहीतरी शोधत असतो. त्याला साधं काम दाखवलं की तो त्या कामात खोट शोधायला लागतो. त्याचं हे शोधणं तुम्हाला फुकट मिळालेलं असतं, ते भुताची उडी टाकून पहिल्या दहा सेकंदांत संपवू नका.

नियम शिकवा, मग मोडा

या प्रसंगाचा नियम असा: लाईट गेली की गल्लीतले सगळे माग एकदम थांबतात. तुम्हाला-मला हे ठाऊक आहे, पण पुण्या-मुंबईत बसून बघणाऱ्याला नाही. म्हणून तो नियम आधी एकदा घडवून दाखवायचा. पहिल्या मिनिटात दिवा मिणमिणतो आणि जातो. सुनंदाचा माग थांबतो, शेजारचा थांबतो, सगळी गल्ली गप्प. तीन-चार सेकंदांत लाईट परत येते आणि एकेक करत माग सुरू होतात. सुनंदा मानही वर करत नाही. प्रेक्षकाला काहीही न सांगता नियम कळला.

दुसरी गोष्ट पेरायची ती शेजारणीच्या तोंडून. सुनंदा पाणी टाकायला दारात येते, समोरची मावशी पायरीवर बसलेली. गल्लीच्या टोकाला एक बंद घर दिसतंय.

"त्यांचा माग विकला काय ओ, मावशी?"

"कोण घेतंय आता. हाय तसाच हाय आत, कुलपात."

एवढंच. त्या घरात कोण होतं, कधी गेलं, कसं गेलं, काही सांगू नका. बंद घर आहे आणि आत माग आहे, एवढं पुरे.

मग लाईट दुसऱ्यांदा जाते. सगळे माग थांबतात. सुनंदा अंधारात काडेपेटी शोधायला लागते. आणि कुठूनतरी एक माग चालू असल्याचा आवाज येत राहतो.

खरा मुद्दा इथं आहे. सुनंदाला हे लगेच कळता कामा नये. तिच्या कानाला ती खटखट सवयीची आहे, ती काडेपेटी शोधतेय, डबे सरकवतेय. प्रेक्षकाला मात्र कळलंय. तो नियम शिकलाय, त्याला बंद घर माहीत आहे. ती शोधतेय आणि माग चालू आहे, ती काडी ओढतेय आणि माग चालू आहे. मग पेटलेली काडी मेणबत्तीपर्यंत जाता जाता तिचा हात मध्येच थांबतो. हिचकॉकच्या टेबलावरच्या गप्पा त्या याच. प्रेक्षकाला कळणं आणि सुनंदाला कळणं यांच्यात जेवढा वेळ जातो, तेवढा तुमचा सस्पेन्स. हा वेळ मोजून ठेवा. माझ्या मते पंधरा ते वीस सेकंद हवेत. पाच सेकंदांत उरकलंत तर सगळी पेरणी वाया.

नियम न बोलता शिकवण्याचा उत्तम नमुना म्हणजे जॉन क्रासिन्स्कीचा 'अ क्वाएट प्लेस' (२०१८). एक कुटुंब ओसाड दुकानात औषधं शोधतंय, सगळे अनवाणी, बोलणं हातांच्या खुणांनी. लहान मुलाला आवाज करणारं खेळण्यातलं यान हवंय. बाप ते काढून घेतो, बॅटऱ्या वेगळ्या करतो. बहीण खेळणं त्याला परत देते, आणि तो गुपचूप बॅटऱ्याही उचलतो. हे आपल्याला दिसतं, आईबापांना दिसत नाही. आवाज झाला तर काय होतं हे कुणी एका शब्दानं सांगितलेलं नाही, तरी परतीच्या वाटेवर पुलापाशी पोचेपर्यंत आपला श्वास वर अडकलेला असतो.

कधी नियम गोष्टीतूनही सांगता येतो. 'तुंबाड'च्या (२०१८) सुरुवातीला बाप मुलाला हस्तर या हावऱ्या देवाची गोष्ट सांगतो: सोनं मिळालं, पण धान्याकडं हात नेला तेव्हा बाकीचे देव तुटून पडले. अशी पुराणासारखी सुरुवात मी एरवी कापायला सांगते. इथं ती चालते, कारण त्या गोष्टीतली भूकच पुढच्या सगळ्या चित्रपटाचा नियम आहे. पीठ आणि सोनं या दोनच गोष्टींवर सगळं फिरतं. तुमच्या निवेदनात असा पुढं कामाला येणारा नियम नसेल तर निवेदन काढून टाका.

आणि काही नियम प्रेक्षक घरूनच घेऊन येतात. रात्री एकच हाक आली तर ओ द्यायची नाही, हे आमच्याकडं लहान पोरालाही माहीत असतं, हाकामारीच्या गोष्टी ऐकतच आम्ही वाढलोय. कर्नाटकात 'नाळे बा'ची गोष्ट तशीच घरोघर पोचलेली आहे. 'उद्या ये' असं दारावर लिहिलं की रात्री दार वाजवणारी बाई ते वाचून परत जाते, म्हणे. तुमच्या फ्रेममध्ये कोपऱ्यात, खडूनं, अर्धवट पुसलेली अशी दोन अक्षरं असली तरी इथल्या माणसाचं लक्ष तिथून हलणार नाही. त्यावर क्लोजअप मात्र घेऊ नका. बघणाऱ्यानं ते स्वतः शोधलं तर त्याला जास्त लागतं.

सीमाभागातली आणखी एक गोष्ट तुमच्या फायद्याची आहे. रात्री दारावर थाप पडली तर आम्ही आधी मराठीत विचारतो, उत्तर आलं नाही तर कन्नडमध्ये. सुनंदा उंबऱ्यावर येऊन विचारते, "कोण हाय तिकडं?" काही नाही. मग, "यारु?" तरी काही नाही. माणूस असता तर एव्हाना बोलला असता. हे पात्राला तोंडानं म्हणायला लावू नका, दोन प्रश्नांच्या मध्ये पुरेशी शांतता ठेवा, बस.

कॅमेरा कुठं ठेवायचा

पहिला प्रश्न हा विचारा: या प्रसंगात आपण कुणाच्या बाजूला उभे आहोत? 'हॅलोविन'च्या (१९७८) सुरुवातीला जॉन कार्पेंटरनं कॅमेरा मारेकऱ्याचा डोळा केला. आपण खिडकीतून डोकावतो, स्वयंपाकघरातून सुरी उचलतो, जिना चढतो, मुखवटा घालतो आणि दोन भोकांतून बघायला लागतो. शेवटी मुखवटा ओढला जातो तेव्हा कळतं, सहा वर्षांचं पोर आहे. लग्नाच्या शूटिंगचा गिंबल, म्हणजे चालताना कॅमेरा स्थिर धरणारा दांडा, आता सगळ्यांकडं आहे, त्यामुळं असा तरंगत जाणारा शॉट प्रत्येकाला घ्यावासा वाटतो. पण गल्लीतून सुनंदाच्या घराकडं सरकणारा शॉट तुम्ही घेतलात तर 'कुणीतरी चालत येतंय' असं सांगून बसलात. आपल्या प्रसंगात कुणी चालत येत नाहीये. आपल्याला सुनंदाच्या बाजूला राहून ऐकायचंय. तेव्हा गिंबल पिशवीत ठेवा आणि ट्रायपॉड काढा.

ट्रायपॉड मागाच्या खोलीत, कमरेच्या उंचीवर. फ्रेमच्या उजव्या तिसऱ्या भागात सुनंदा आणि माग, डाव्या बाजूला सोप्यात उघडणारं दार, पलीकडं अंधार. फोकस सुनंदावर, दार जरा धूसर. या खोलीतल्या प्रत्येक रुंद शॉटमध्ये ते दार राहू द्या. आणि त्या दारात काहीही आणू नका. बघणारा प्रत्येक वेळी तिथं नजर टाकेल, प्रत्येक वेळी रिकामं दार बघेल, आणि पुढच्या वेळी जास्त निरखून बघेल. एकदा सावली दाखवलीत की नजर तिथंच थांबली, मग बाकीची खोली मेली.

रिकाम्या जागेची ताकद बघायची असेल तर 'इट फॉलोज'ची (२०१४) सुरुवात बघा. साधीसुधी वसाहत, संध्याकाळ. एक मुलगी घाबरून घराबाहेर पळते, कॅमेरा तिच्याबरोबर सावकाश गोल फिरतो. शेजारीण विचारते, बाप बाहेर येतो. तिच्या मागं काय लागलंय ते आपल्याला दिसत नाही, म्हणून आपण रस्त्याचा कोपरा न् कोपरा धुंडाळतो.

स्पीलबर्गच्या 'जॉज'मध्ये (१९७५) पहिल्या प्रसंगात शार्क अजिबात दिसत नाही. पाण्याखालून वर बघणारा कॅमेरा, पोहणारीचे पाय, आणि मग तिला बसणारे हिसके. त्या अभिनेत्रीला दोर बांधून माणसं ओढत होती. सगळी भीती त्या हिसक्यांमध्ये आहे. तुमच्याकडं पैसे नाहीत म्हणून तुम्ही भूत दाखवू शकत नाही असं समजू नका. भुतामुळं माणसाचं काय होतं ते दाखवा, दोर कुणाकडंही असतो.

आवाज

मला विचाराल तर पहिल्या प्रसंगाचं अर्ध्याहून जास्त काम आवाज करतो, आणि नव्या पोरांचं सगळ्यात कमी लक्ष इथं असतं. त्यामुळं यावर जरा जास्त बोलते.

चालू मागाच्या शेजारी संवाद रेकॉर्ड होत नाहीत, प्रयत्नही करू नका. चित्र वेगळं घ्या, आवाज वेगळा. मागाचा आवाज चार ठिकाणांहून घ्या: मागाला लागून, शेजारच्या खोलीतून, भिंतीपलीकडच्या घरातून आणि गल्लीच्या टोकावरून. बंद घरातला माग दाखवताना जवळचा आवाज घेऊन नुसता बारीक करू नका. लांबून येणाऱ्या आवाजाची वरची धार गेलेली असते आणि त्यात गल्लीच्या भिंतींचा घुमारा मिसळलेला असतो. नुसता कमी केलेला आवाज 'कमी केलेला' वाटतो, लांबचा वाटत नाही. लांबून घ्यायची सोय नसेलच तर इक्वलायझरमध्ये वरच्या पट्ट्या उतरवा आणि थोडा घुमारा द्या.

प्रत्येक जागेचा रूम टोन घ्या. म्हणजे सगळ्यांना गप्प करून, फॅन-फ्रीज बंद करून, एक मिनिट त्या खोलीची शांतता रेकॉर्ड करायची. लाईट गेल्यावरची शांतता म्हणून ट्रॅक पूर्ण कोरा ठेवलात तर बघणाऱ्याला वाटतं मोबाईल बिघडला. खऱ्या शांततेत बरंच काही असतं: लांबचं कुत्रं, परड्यातले रातकिडे, पन्हाळीतून बादलीत पडणारा थेंब. हे आधी मांडा, मग एकेक काढत जा. आधी कुत्रं, मग थेंब, शेवटी रातकिडे. माणूस किंवा जनावर जवळ आलं की रातकिडे खरोखरच गप्प होतात, हे रानात फिरलेल्या कुणालाही विचारा. खानापूरच्या पलीकडं जांबोटी-कणकुंबीच्या रस्त्यावर पावसाळ्यात गाडी थांबवून दहा मिनिटं उभे राहा, तुमचे कान तयार होतील.

आपल्या फिल्म लोक मोबाईलवर बघतात, हे धरूनच चला. मोबाईलच्या स्पीकरमधून खर्जातला आवाज जवळजवळ बाहेरच पडत नाही. थिएटरमध्ये छातीत घुमणारी ती गुरगुर तुम्ही हौसेनं टाकता आणि मावशीच्या फोनवर तिथं नुसती शांतता असते. म्हणून मधल्या पट्टीतले, टोक असलेले आवाज निवडा. कडी सरकण्याचा, काडी ओढल्याचा, धोट्याचा. माग या बाबतीत देवासारखा धावून येतो.

संगीताबद्दल माझं मत कडक आहे. पहिला प्रसंग आधी संगीताशिवाय पूर्ण कापा. तो तसाच उभा राहिला, तरच संगीताचा विचार करा. 'जॉज'मध्ये जॉन विल्यम्सचे ते दोन सूर शार्क खरंच जवळ असेल तेव्हाच येतात. पुढं दोन पोरं पुठ्ठ्याचा पंख लावून लोकांना घाबरवतात, तेव्हा ते वाजत नाहीत. म्हणजे संगीतालाही नियम आहे आणि तो प्रामाणिक आहे. दर दोन मिनिटांनी उगाच वाजणाऱ्या संगीतावर कुणी विश्वास ठेवत नाही.

आणि 'सस्पिरिया'ची (१९७७) सुरुवात इअरफोन लावून ऐका. दारिओ आर्जेंतोची नायिका विमानतळातून बाहेर पडतेय, बाहेर वादळ. सरकती दारं उघडली की संगीताचा तुकडा आत येतो, दारं मिटली की बंद. धोका दाराबाहेर आहे आणि ती तिकडंच चाललीय, हे नुसत्या दारानं सांगितलं. आपल्या प्रसंगात हे असं वापरा: सोप्याचं दार लोटलेलं असेपर्यंत तो माग अस्पष्ट, सुनंदानं दार उघडलं की आवाज एकदम मोकळा, खटखट वेगळी मोजता येईल इतका. ती घाबरून दार पुन्हा लोटते, तरी यावेळी आवाज पूर्वीइतका बारीक होत नाही. हे फार थोड्यांच्या लक्षात येईल, पण अंगावर सगळ्यांच्या येईल.

उजेड

रात्रीचा प्रसंग मध्यरात्री शूट करायची गरज नाही. मोबाईलच्या किंवा साध्या कॅमेऱ्याच्या चित्रात काळ्या भागात दाणे येतात आणि सगळं धुरकट दिसतं. बाहेरचे शॉट तिन्हीसांजेला घ्या. सूर्य बुडाल्यावर साधारण वीस-पंचवीस मिनिटं आकाशात निळसर उजेड असतो, तेवढ्यात गल्ली, कौलं, बंद घराचं दार सगळं उरकायचं, म्हणून तालीम दुपारीच करून ठेवा. आत एकच उजेड ठेवा, जो चित्रातही दिसतो: ट्यूब, मेणबत्ती, मोबाईलचा टॉर्च. एक्स्पोजर लॉक करा, नाहीतर काडी पेटल्याबरोबर कॅमेरा स्वतःहून सगळं काळं करतो. आपल्याकडं वीज ५० हर्ट्झची, तेव्हा सेकंदाला २५ फ्रेम असतील तर शटर १/५० सेकंद ठेवा, म्हणजे ट्यूबचे पट्टे चित्रात येत नाहीत.

पावसाळी वातावरण हवं असेल तर नळीनं पाऊस पाडू नका. 'तुंबाड'वाल्यांनी खऱ्या पावसासाठी अनेक पावसाळे शूटिंग केलं, आपण तर पावसाच्या दारातच राहतो. भर पावसात मात्र शूट करू नका, पाऊस थांबून सगळं ओलं असताना करा. कॅमेरा वाचतो, आवाजही मिळतो.

आणि अंधार लागतोच असंही नाही. 'लपाछपी' हा विशाल फुरियाचा मराठी चित्रपट उसाच्या फडाच्या जिवावर उभा आहे. चिकोडी, रायबाग, अथणी भागातल्या मित्रांनी हे मनावर घ्यावं. डोक्यावर गेलेला ऊस, दुपार, पाती सळसळतायत. मुलगी बापाचा डबा घेऊन बांधावरून येते. हाक मारते, "आप्पा!" उजवीकडून "ओ". ती तिकडं वळते. पुन्हा हाक, आता "ओ" डावीकडून, जरा जवळून. ती थांबते. तिसऱ्यांदा ती हाक मारत नाही, आणि तरीही "ओ" येते. एकही दिवा लागला नाही. इअरफोनवाल्यांसाठी उजवा-डावा आवाज नीट विभागा, एवढंच.

कात्री

लग्नाच्या व्हिडिओत मी शॉट जरा लवकर कापते, उत्साह टिकावा म्हणून. भयपटात उलट. तुम्हाला जिथं कापावंसं वाटतं तिथून अजून दोन सेकंद थांबा, आणि मग बघा. सुनंदाचा हात थांबल्यावर लगेच तिचा चेहरा दाखवू नका. काडी बोटांपर्यंत जळत येऊ द्या. आता प्रेक्षकाला दोन काळज्या आहेत, माग आणि काडी. छोटी काळजी मोठीला धार लावते.

प्रसंगात असं वेळ मोजणारं काहीतरी हवंच. वेस क्रेव्हनच्या 'स्क्रीम'मध्ये (१९९६) ते काम शेगडीवरचे पॉपकॉर्न करतात. फोनवरच्या गप्पा हसतखेळत सुरू होतात, आणि जशी बोलण्याची चाल बिघडते तसं ते भांडं फुगत जातं. तो प्रसंग जवळपास बारा मिनिटांचा आहे. तुमची फिल्म दहा मिनिटांची असेल तर पहिल्या प्रसंगाला अडीच-तीन मिनिटं पुरे. आपल्याकडं शेगडीवर दूध ठेवा, कुकर ठेवा. दोन शिट्ट्या झाल्या आणि तिसरी येईना, तर आमच्या बायका जागेवरून उठतात.

ती दाराबाहेर बघते, ते बंद घर. इथं मोह होणार की उलटा शॉट टाकावा, खिडकीत काहीतरी हलताना. टाकू नका. तिचा चेहरा ठेवा. आपण तिच्या चेहऱ्यावर वाचत राहू.

मांजर उडी मारणे, भांडं पडणे, मैत्रिणीनं मागून खांद्यावर हात ठेवणे: पहिल्या प्रसंगात हे नको. खोटा धक्का कसा द्यावा हे 'कॅट पीपल'मध्ये (१९४२) संकलक मार्क रॉबसननं दाखवलंय. रात्री एक बाई एकटी चालतेय, मागं कुणीतरी आहे असं वाटतं, पावलांचा वेग वाढतो, आणि फिस्सकन आवाज करत एक बस फ्रेममध्ये येऊन थांबते. ती बस चालते कारण त्याआधीचं चालणं लांब आणि मन लावून रचलेलं आहे. सुरुवातीलाच तेवढी जमवाजमव नसते.

शेवट कुठं करायचा? सुनंदा उंबऱ्यावर उभी, दोन्ही भाषांत विचारून झालंय. माग चालू. आणि तो थांबतो. त्या थांबण्यावर कापा, तिच्या प्रतिक्रियेच्या आधी. मग काळ्यावर फिल्मचं नाव, आणि पुढचा प्रसंग थेट सकाळचा: ऊन, गल्लीत सगळे माग सुरू, दूधवाला. प्रेक्षक आता प्रत्येक खटखटीकडं कान लावून बसलेला असेल.

शूटिंगआधी दोन गोष्टी सांभाळा. गल्लीत रात्री शूट करणार असाल तर आसपासच्या घरांना स्वतः जाऊन सांगा, रात्री किंचाळी ऐकून म्हातारी माणसं घाबरतात. भीमगडच्या बाजूला जायचं असेल तर ते अभयारण्य आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय आत पाऊल टाकू नका. आणि कळकळीनं सांगते, कुणाचं खरंखुरं बंद घर ओळखू येईल असं दाखवू नका. आमच्याकडं एकदा घराला भुताचं नाव लागलं की ते विकलं जात नाही, आणि तिथं राहणाऱ्या एकट्या म्हातारीला लोक काय काय बोलतात ते मी ऐकलंय. दाराचा रंग बदला, पाटी बदला, दोन वेगळ्या घरांचे शॉट जोडा.

कापून झालं की शूटिंगला नसलेल्या एका माणसाला दाखवा. तरुण मित्र नको, ते कौतुक करतात. शेजारची काकू बघा, आणि तिच्याच फोनवर, दिवसा, स्पीकर लावून. तुम्ही स्क्रीनकडं बघू नका, तिच्या हातांकडं बघा. अंगठा स्क्रीनकडं गेला ती वेळ लिहून ठेवा. संपल्यावर "आवडलं का" विचारू नका, "शेवटी काय ऐकू आलं" असं विचारा. बंद घरातला माग चालू होता असं ती म्हणाली तर काम झालं. "लाईट आली होती काय?" असं तिनं विचारलं तर नियम पोचला नाही, आणि त्याची दुरुस्ती शेवटी नाही, सुरुवातीला करायची. पहिल्यांदा लाईट जाते तिथं अजून दोन सेकंद द्या, आणि मावशीचं कुलपाचं वाक्य ती पाठमोरी दिसत असताना येत असेल तर ते तिचा चेहरा दिसत असताना आणा.